गोणीतलं हाड आणि कागदावरची बंदी

गोळी पेंडीच्या, म्हणजे गायी-म्हशींच्या तयार खाद्याच्या, ५० किलोच्या गोणीवर छापलेलं असतं: प्रथिनं २० टक्के. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण ही प्रथिनं कुठून आली ते तो सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत जेल्डाल पद्धतीने खाद्यातला नायट्रोजन मोजतात, त्याला ६.२५ ने गुणतात आणि आलेल्या उत्तराला प्रथिनं म्हणतात. नायट्रोजन सरकीतून आला, शेंगदाणा पेंडीतून आला, युरियातून आला की हाडामांसाच्या भुकटीतून आला, हे त्या गुणाकारात दिसत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घालणाऱ्यांनी नेमकी हीच फट वापरली होती.

२०२५ मध्ये भारत-अमेरिका व्यापार वाटाघाटींच्या बातम्यांत ‘मांसाहारी दूध’ हा शब्दप्रयोग गाजला. बाहेरून येणाऱ्या दुग्धपदार्थांसोबत भारत पशुवैद्यकीय दाखला मागतो: या जनावरांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्त वा मांस यांपासून केलेलं खाद्य कधीही दिलेलं नाही. मागणी रास्त आहे. पण न्हावा-शेव्याला कंटेनर उतरतो तेव्हा या बाबतीत तपासला जातो तो कागदच, कारण दूध किंवा चीज कितीही तपासलं तरी गायीने काय खाल्लं होतं हे सांगणारी व्यवहारात वापरता येईल अशी चाचणी नाही. जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जंतू खाद्यातलं बरंचसं प्रथिन तोडतात, त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं प्रथिन बांधतात. पुढे आतड्यात पचतं ते मुख्यतः या जंतूंचं प्रथिन आणि वरून आलेलं थोडं अभंग प्रथिन. कासेपर्यंत पोचताना मूळ मालाची खूण उरत नाही. म्हणजे शोधायचं असेल तर गोणीतच शोधावं लागतं. आणि गोणी परदेशातच असते असं नाही. आरेचे गोठे, गोरेगाव-जोगेश्वरीचे तबेले, वसई-भिवंडीकडे सरकलेले म्हशींचे गोठे रोज अशा गोण्या रिकाम्या करतात.

आपल्याकडे बंदी नाही असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, निर्देश काढला. कोंबड्या, डुकरं आणि मासे वगळता दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना गोवंशीय वा डुकराच्या मूळाचं मांस, हाडांची भुकटी, अवयव, रक्ताची भुकटी किंवा ऊती असलेलं खाद्य द्यायचं नाही. दूध आणि दुग्धपदार्थ चालतील. विक्रीच्या खाद्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह असावं असंही त्यात होतं, ते अमलात आणण्याची तारीख पुढे ढकलली गेली. चिन्हाची चर्चा खूप झाली, बंदीच्या शब्दांची झाली नाही. माझा आक्षेप त्या शब्दांना आहे. बंदी ‘गोवंशीय वा डुकराच्या मूळाच्या’ मालावर आहे. प्राण्याची जात सिद्ध केल्याशिवाय तिचं उल्लंघन सिद्ध होत नाही, आणि जात सिद्ध करायची चाचणी महाग, नाजूक आणि आपल्या परिस्थितीत सहज चुकणारी आहे. नियम थोडा रुंद केला, तर एका साध्या सूक्ष्मदर्शकावर तो तपासता येईल.

ही वाट ब्रिटन आणि युरोपने चुका करत काढली. ब्रिटनमध्ये गायींचा स्पंजी मेंदूरोग, म्हणजे बीएसई, १९८६ मध्ये ओळखला गेला; तो रोगट जनावरांपासून केलेल्या भुकटीच्या खाद्यातून पसरत होता. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांपासून केलेलं प्रथिन रवंथ करणाऱ्यांना घालण्यावर बंदी आली. डुकरं आणि कोंबड्यांना तेच प्रथिन चालू राहिलं. एकाच गिरणीत, त्याच मिक्सरमधून, त्याच पट्ट्यावरून दोन्ही खाद्यं निघत राहिली. खाद्यात रवंथी प्राण्याचं प्रथिन आहे की डुकराचं, हे भरवशाने सांगणारी चाचणी तेव्हा निरीक्षकाच्या हातात नव्हती. बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गायींना ब्रिटनमध्ये हा रोग झाला. रोगट मेंदूचा एक ग्रॅमहूनही कमी भाग वासराला पुरेसा असतो, त्यामुळे मिक्सरच्या कोपऱ्यात चिकटलेली भुकटीही धोक्याची होती. १९९६ च्या मार्चमध्ये हा रोग माणसापर्यंत पोचला असावा असं जाहीर झालं आणि ब्रिटनने पाळीव जनावरांच्या सगळ्याच खाद्यातून सस्तन प्राण्यांची हाडा-मांसाची भुकटी काढली. जानेवारी २००१ पासून युरोपीय संघाने त्याहून रुंद जाळं टाकलं: पाळीव जनावरांच्या खाद्यात प्रक्रिया केलेलं प्राणिज प्रथिन जवळजवळ नकोच, अपवाद मासळीच्या भुकटीसारखे मोजके.

यामागे भीती होती, पण हिशेबही होता. तेव्हाची अधिकृत पद्धत सूक्ष्मदर्शकाची होती. तिला जमिनीवरच्या प्राण्याचं हाड आणि माशाचं हाड वेगळं ओळखता येतं, गाय आणि डुक्कर वेगळं ओळखता येत नाही. मग नियमही तेवढाच बारीक ठेवला, जेवढं साधनाला दिसतं. रवंथी प्राण्यांचा डीएनए ओळखणारी पीसीआर पद्धत पक्की होऊन २०१३ मध्ये नियमात आली, तेव्हाच डुक्कर-कोंबड्यांचं प्रथिन माशांच्या खाद्यात परत येऊ दिलं. २०२१ मध्ये डुकराचं प्रथिन कोंबडीला आणि कोंबडीचं डुकराला चालेल इतकी सूट मिळाली. आधी चाचणी, मग सूट. आपण उलट केलं. चाचणीची व्यवस्था हाताशी नसताना जातीपर्यंत बारीक नियम लिहिला.

आता सूक्ष्मदर्शक काय करतो ते नीट पाहू, कारण ‘जुनी पद्धत’ म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ असतात.

दळलेल्या खाद्यातून १० ग्रॅम घ्यायचं. चंचुपात्राऐवजी खाली तोटी असलेल्या काचेच्या शंकूत ते टाकून ५० मिली टेट्राक्लोरोएथिलीन ओतायचं, निदान अर्धा मिनिट जोरात हलवायचं, आणखी ५० मिली ओतायचं आणि किमान तीन मिनिटं स्थिर ठेवायचं. हा द्रव ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तोच. त्याची घनता १.६२ असते. पेंड, कोंडा, चुनी, मांसाचे तंतू, पिसं तरंगतात. हाड, माशाचे खवले, शिंपल्याचे तुकडे, वाळू आणि खनिजं बुडतात. वर तरंगणाऱ्या थरात अडकलेले कण सोडवण्यासाठी हलकेच ढवळून पुन्हा दोन मिनिटं थांबायचं आणि मग तळाचा गाळ काढून घ्यायचा. गाळ वाळवून मिलिग्रॅमपर्यंत तोलायचा. हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटात करायचं. हा द्रव कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता मोठी आहे असं मानलं जातं आणि तो बेसिनमध्ये ओतायचा नाही. वापरलेला द्रव बंद डब्यात साठवून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची सोय आधी करायची, मग पहिला नमुना घ्यायचा.

गाळातलं हाड डोळ्याला चटकन दिसावं म्हणून अलिझारिन रेडने रंगवतात. १०० मिली पाण्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे अडीच मिली आणि त्यात ०.२० ग्रॅम अलिझारिन रेड, एवढंच ते द्रावण. गाळ अल्कोहोलने दोनदा धुवायचा, एक मिली सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं विरंजित करायचा, पाण्याने धुवायचा आणि मग गाळ किती त्याप्रमाणे रंगाचे दोन ते दहा थेंब. काही सेकंदांत हाडं लालसर होतात. पुन्हा अल्कोहोल, शेवटी ॲसिटोन, आणि वाळवण.

नवख्याची फसगत इथे होते. अलिझारिन हाडाला ओळखत नाही, तो कॅल्शियमला धरतो. आपल्या पशुखाद्यात चुनखडीची पूड आणि डायकॅल्शियम फॉस्फेट सर्रास असतं, त्यांचे कणही रंग धरू शकतात. म्हणून लाल दिसलं की हाड, असं लिहून टाकणारा अहवाल फेकून द्यावा. लाल कण सुईने उचलून काचपट्टीवर घ्यायचा आणि १०० ते ४०० पटींत पाहायचा. हाडात पेशी बसायच्या त्या बारीक पोकळ्या दिसल्या पाहिजेत. जमिनीवरच्या प्राण्याच्या हाडात त्या लंबगोल किंवा गोलसर असतात आणि त्यांना कोळ्याच्या पायांसारख्या बारीक नलिका फुटलेल्या असतात. माशाच्या हाडात त्या लांबट, रेषेसारख्या. खवल्यावर वाढीची वर्तुळं दिसतात. मुंबईत हा फरक पक्का यायलाच हवा, कारण ससून डॉकपासून किनाऱ्यावरच्या वाळवणांपर्यंतची सुकी मासळी कोंबडीखाद्यात जाते, आणि त्याच गिरणीतून म्हशींचा दाणाही निघू शकतो.

तरंगलेला थर फेकायचा नाही. फेलिंगच्या द्रावणात मांसाचे तंतू गुलाबी-जांभळे होतात. लेड ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पिसं, केस, शिंग यांचे कण तापवल्यावर काळपट तपकिरी होतात. रक्ताची भुकटी टेट्रामेथिलबेंझिडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने निळी-हिरवी होते. इथे जपून, कारण न तापलेल्या कोंड्यातली वनस्पतींची पेरॉक्सिडेजही तसाच रंग देऊ शकते. रक्ताची भुकटी हीच या पद्धतीची दुखरी जागा आहे. तिच्यात हाड नसतं, आणि बारीक फवारून वाळवलेली असेल तर नजरेतून निसटते.

मोजणीचा युरोपीय नियम मला फार शहाणा वाटतो. एका तपासणीत शून्य कण असतील तर ‘आढळलं नाही’. सरासरी पाचांहून अधिक असतील तर ‘आढळलं’. एक ते पाच असतील तर ‘आढळलं’ म्हणायचं नाही. दुसरी तपासणी करायची, तरीही तेवढेच राहिले तर खोट्या होकाराचा धोका आहे असं अहवालात स्पष्ट लिहायचं. कारण एखादा कण कुठूनही येऊ शकतो. भिवंडीच्या किंवा वाशीच्या गोदामात पेंडीच्या थप्पीमागे मेलेला उंदीर दळणात गेला, तर त्याचं हाडही ‘जमिनीवरच्या प्राण्याचं’ म्हणूनच दिसणार. युरोपात बीटच्या चोथ्यात शेतातल्या मातीतून आलेली हाडांची कुसळं सापडली, तेव्हा त्यांनाही मुळं-कंदांसाठी धोका तपासून वेगळा विचार करावा लागला. शून्य सहन करू असं म्हणणारा नियम उंदरापुढे हरतो.

आपल्या मालाची आणखी एक अडचण आहे, जी युरोपच्या पुस्तकात ठळक नाही. जनावरांच्या संमिश्र खाद्याच्या आपल्या मानकात आम्लात न विरघळणारी राख ३ ते ४ टक्क्यांपर्यंत चालते. राख म्हणजे इथे मुख्यतः वाळू. १० ग्रॅममध्ये ती ३०० ते ४०० मिलिग्रॅम झाली, वर चुनखडी आणि मीठ. हा सगळा ढीग गाळात उतरतो आणि त्यात हाडाचे चार मिलिग्रॅम शोधायचे असतात. तीन-चार काचपट्ट्या पाहून ‘आढळलं नाही’ लिहिणं म्हणजे ढिगाचा एक कोपरा पाहिल्यासारखं आहे. गाळ चाळणीने ०.२५ मिमीच्या वर आणि खाली असा वेगळा करायचा, जाड भाग आधी कमी वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण चाळायचा, संशयित कण उचलायचे. वेळ लागतो. पण नमुने सहा-आठ एकत्र चालवले तर वाट पाहण्याचा वेळ वाटला जातो.

नमुना घेण्यात जेवढं बिघडतं तेवढं प्रयोगशाळेत बिघडत नाही. एक साधा हिशेब करू. खाद्यात हाडा-मांसाची भुकटी ०.१ टक्का आहे असं धरा. १० ग्रॅममध्ये ती १० मिलिग्रॅम झाली; त्यात हाड ४ मिलिग्रॅम मानू. पाव मिलिमीटरचा हाडाचा कण सुमारे ०.०३ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे सव्वाशेच्या आसपास कण. सापडायला काहीच हरकत नाही. आता तेच हाड दोन मिलिमीटरच्या तुकड्यात असलं, तर एकटा तुकडा १६ मिलिग्रॅमचा. तो तुमच्या १० ग्रॅममध्ये आला तर निकाल ‘भरपूर’, नाही आला तर ‘शून्य’. म्हणून आधी निदान ५० ग्रॅम सगळं दळायचं आणि मग त्यातून १० ग्रॅम उचलायचं. दळतानाही हात आवरायचा. पिठासारखं दळलं की पोकळ्याच फुटतात आणि ओळख पटत नाही. दोन नमुन्यांमध्ये चक्की उघडून झाडायची, त्यातून कोरा मका दळून काढायचा आणि त्या मक्याचाही गाळ पाहायचा. कोऱ्या मक्यात हाड सापडलं तर त्या दिवसाचं काम रद्द.

ट्रकवर १० टन म्हणजे २०० गोण्या असतात. वरच्या दोन गोण्यांतून मूठभर घेणं हा नमुना होत नाही. थप्पीच्या वेगवेगळ्या थरांतल्या गोण्यांत पोकळ सळई कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खुपसायची, आलेला माल एकत्र करून स्वच्छ ताडपत्रीवर ढीग घालायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला टाकायचे, पुन्हा तेच. शेवटी उरलेल्या मालाचे तीन सारखे भाग सीलबंद: एक प्रयोगशाळेला, एक गिरणीला, एक वादासाठी राखीव. पावसाळ्यात राखीव भाग साध्या कागदी पाकिटात ठेवला तर महिन्याभरात बुरशी धरतो. हवाबंद बाटली आणि सिलिका जेल याला पर्याय नाही.

आणि नमुना गव्हाणीतून घ्यायचा नाही. हे वारंवार सांगावं लागेल असं दिसतं, कारण तबेल्यावर छापा घालून टोपलीतला आंबोणाचा गोळा उचलणं कॅमेऱ्यासमोर छान दिसतं. त्या गोळ्यात म्हशीचे केस, लाळ, शेणाचे शिंतोडे, माशांचे पंख सगळं असतं. त्यावर रवंथी प्राण्यांची पीसीआर केली तर होकार येणारच, आणि त्या होकारातून गोणीबद्दल काही कळत नाही. नमुना शिवण न उसवलेल्या गोणीतून.

पीसीआरबद्दल आता बोललंच पाहिजे, कारण ‘डीएनए चाचणी’ म्हटलं की वाद मिटला असं लोकांना वाटतं. हाडा-मांसाची भुकटी करताना माल १३३ अंश, तीन बार दाबाखाली २० मिनिटं शिजवलेला असू शकतो. त्यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात, म्हणून शोधायचा भाग शंभर अक्षरांहून छोटा ठेवावा लागतो आणि पेशीत शेकडो प्रतींत असणाऱ्या मायटोकाँड्रियातला घ्यावा लागतो. डीएनए काढण्याच्या एका फेरीला नमुना लागतो फक्त १०० मिलिग्रॅम. वरचाच हिशेब लावा: ०.१ टक्का भेसळ म्हणजे त्यात ०.१ मिलिग्रॅम, पाव मिलिमीटरचे जेमतेम तीन कण. म्हणजे इथे माल खूप बारीक दळावा लागतो, सूक्ष्मदर्शकासाठी नको तितका. दोन्ही करायचं असेल तर दळण्याआधीच नमुना विभागावा लागतो. सरकी पेंडीतलं गॉसिपॉल, टॅनिन आणि मळीतले रंगद्रव्य पीसीआरमधलं विकर अडवतात आणि खोटा नकार देतात. यावर उपाय जुनाच आहे: डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवायचा. पीसीआरच्या प्रत्येक चक्रात डीएनएच्या प्रती दुप्पट होतात, म्हणून निकाल सुमारे ३.३ चक्रांनी उशिरा यायला हवा. त्याहून लवकर आला तर मूळ नमुन्यात अडथळा होता.

एवढं सगळं नीट केलं तरी एक प्रश्न उरतो. दुधाच्या भुकटीत गायीच्या पेशी असतात, म्हणून तिच्यातही गायीचा डीएनए असतो. वासरांच्या खाद्यात दूधभुकटी किंवा व्हे (चीज करताना उरणारं दुधाचं पाणी) घालणं कायदेशीर आहे; २०१९ चा निर्देशच दूध वगळतो. मग पीसीआरचा होकार कायदेशीर भुकटीचा की बेकायदा भुकटीचा? नुसत्या पीसीआरवर उत्तर देता येत नाही. गाळात हाडाचे कण आहेत का, लेबलवर दूध लिहिलंय का, हे सोबत पाहावंच लागतं. म्हणजे पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी येणं आलंच.

ट्रोपोनिन या उष्णतेत टिकणाऱ्या स्नायूप्रथिनावर चालणाऱ्या कागदी पट्ट्याही मिळतात. गिरणीच्या दारात ट्रक थांबवायला त्या ठीक आहेत. निव्वळ हाड किंवा रक्त असेल तर त्या गप्प राहतात. रेणूंचं वजन मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकावर कोलॅजेन, हिमोग्लोबिन आणि केसिनचे तुकडे वेगळे ओळखून ‘गायीचं रक्त’ आणि ‘गायीचं दूध’ यांत फरक करता येतो. वादग्रस्त नमुन्यासाठी हे उत्तम आहे, रोजच्या कामाला परवडणारं नाही.

आपल्या राज्यात प्राण्याच्या जातीच्या या प्रश्नाला आणखी एक कडा आहे, आणि ती टाळून लिहिणं लबाडीचं होईल. कुणाच्या गोणीत ‘गोवंशीय’ असा शब्द अहवालात आला की तो प्रयोगशाळेचा शब्द राहत नाही. गव्हाणीतल्या शेणाने आलेल्या होकारावर एखाद्या गिरणीसमोर जमाव उभा राहू शकतो. जो नियम प्रत्येक संशयात जातीचं नाव उच्चारायला लावतो, तो प्रयोगशाळेतल्या माणसालाही भ्यायला लावतो; आणि भ्यालेला माणूस ‘आढळलं नाही’ लिहितो. ‘जमिनीवरच्या प्राण्याचं हाड, इतके कण’ हा अहवाल खराही आहे आणि शांतही.

म्हणून शब्द असे हवेत: रवंथ करणाऱ्या जनावरांच्या विक्रीच्या खाद्यात, दूध आणि दुग्धपदार्थ सोडून, जमिनीवरच्या कोणत्याही प्राण्यापासून आलेलं प्रथिन नसावं. कोंबडीची पिसं आणि कोंबडीची भुकटीही यात आली. म्हशीच्या दाण्यात त्याने काही अडत नाही. सरकी, शेंगदाणा, सोया, तूर चुनी यांवर मुंबईच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या दूध देत आल्या आहेत. मासळीचं काय करायचं ते वेगळं ठरवता येईल, कारण ती वेगळी दिसते. एक काळजी: जुन्या पाककृतींत खनिज मिश्रणासाठी निर्जंतुक हाडांची पूड सुचवलेली असे. खनिज मिश्रण विकणाऱ्यांना बदलायला वेळ द्यावा लागेल, आणि हाडापासून केलेलं डायकॅल्शियम फॉस्फेट सूक्ष्मदर्शकाला हाड म्हणून दिसणार नाही हेही मान्य करावं लागेल. त्याचा माग खरेदीच्या पावत्यांतूनच काढता येईल.

विरोधात पहिला मुद्दा येतो की भारतात बीएसई नाहीच. खरं आहे, जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला ‘नगण्य धोका’ असा दर्जा दिला. पण त्या दर्जामागची एक अट अशी की किमान आठ वर्षं रवंथी जनावरांना रवंथी प्राण्यांची भुकटी घातली गेलेली नाही हे देखरेख आणि तपासणी दाखवून सिद्ध करता यावं. गोणी तपासल्याची नोंदच नसेल तर दाखवणार काय? दुसरा मुद्दा प्रमाणाचा: ०.१ टक्क्याने काय होतं? १० लिटर दूध देणाऱ्या म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो दाणा लागतो, म्हणजे रोज पाच-सहा ग्रॅम भुकटी. ब्रिटनमधला ग्रॅमाचा आकडा वर दिलाच आहे. तिसरा मुद्दा भावाचा. हाडा-मांसाच्या भुकटीत प्रथिनं ४५ ते ५० टक्के आणि वर फुकटचं कॅल्शियम-फॉस्फरस, म्हणून ती मोहात पाडते हे खरंच आहे. पोषण म्हणून ती वाईट नाही, आणि तसं सांगत सुटणाऱ्यांनी आपली बाजू कमकुवत केली आहे. प्रश्न चुकीच्या जनावराच्या तोंडात ती जाण्याचा आहे.

तपासणार कोण, हा मात्र खरा पेच आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ ने ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलं आहे. म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी तबेल्यातून दुधाचा नमुना घेऊ शकतो, ज्यातून काही कळत नाही. आणि गोणीचा नमुना अन्न म्हणून घेऊ शकत नाही, जिच्यातून सगळं कळतं. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला नमुना घेण्याचा स्पष्ट अधिकार देणारा आदेश निघेपर्यंत बाकीचं सगळं पत्रव्यवहारात अडकेल.

प्रयोगशाळेसाठी नवी इमारत लागत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे आणि हाडाची सूक्ष्मरचना तिथे विद्यार्थ्यांना शिकवतातच. धूर ओढणारं कपाट, दोन सूक्ष्मदर्शक, चक्की, चाळण्या, तराजू आणि ओळखीच्या काचपट्ट्यांचा संच: म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी, मासा, उंदीर, पिसं, चुनखडी, फॉस्फेट. पाहणारे दोघे हवेत, आणि दोघांना दर आठवड्याला न सांगता शून्य, ०.०५, ०.१ आणि ०.५ टक्का मिसळलेले नमुने द्यायला हवेत. शून्याच्या नमुन्यात हाड पाहणारा आणि ०.१ च्या नमुन्यात न पाहणारा, दोघांनाही परत काचपट्ट्यांपाशी बसवायचं. पाचांहून अधिक कण निघाले तरच त्या नमुन्याचा राखीव भाग पीसीआरला जाईल.

गिरणीतलं काम यापेक्षा स्वस्त आहे. दिवसाची सुरुवात म्हशींच्या दाण्याने करायची, कोंबडीखाद्य शेवटी. उलट झालं तर मधे कोरा कोंडा किंवा मका यंत्रांतून फिरवून तो कोंबडीच्या खात्यात टाकायचा. माल वर चढवणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याचा तळ, गोळी पाडणाऱ्या साच्याची भोकं आणि चुरा परत आणणारी नळी या तीन जागी जुना माल सगळ्यात जास्त अडकतो. तिथली झाडलोट वहीत वेळेसह लिहायची. आणि कोंबडीखाद्याचं रिकामं बारदान म्हशीच्या दाण्याला पुन्हा वापरायचं नाही. पैसे वाचवण्याची ही सवय लहान गिरण्यांत दिसते, आणि तशा एका गोणीच्या शिवणीत अडकलेला भुगा १० ग्रॅमच्या नमुन्यात पाचांहून अधिक कण द्यायला पुरतो.